रावसाहेबांचा बदली

माणसाला आपली पूजा भटजीकडून करवून घेता येते, दावा वकिलाकडून लढवता येतो, मुलाला दूधसुद्धा दाईकडून पाजता येते. पण रक्त मात्र ज्याचे त्यालाच द्यावे लागते, तिथे प्रतिनिधी चालत नाही.

हे वाक्य मी रावसाहेबांच्या तोंडून ऐकले. सोलापुरातल्या आमच्या धर्मार्थ इस्पितळाच्या व्हरांड्यात भरलेल्या सभेत त्यांनी ते उच्चारले आणि टाळ्या थांबेपर्यंत पाण्याचा पेला हातात धरून ते उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या. वाक्य चांगले होते. पुढचे चार महिने मी ते खरे धरून चाललो, ही माझी चूक.

कायदेभंगाच्या दिवसांत गावात लागलेला मार्शल लॉ उठून तेव्हा तीनेक वर्षे झाली होती. रावसाहेब एका गिरणीचे सेक्रेटरी, ऑनररी मॅजिस्ट्रेट आणि आमच्या इस्पितळाच्या कमिटीचे अध्यक्ष होते. रावसाहेब ही पदवी त्यांना मार्शल लॉच्या पाठोपाठ मिळाली. कशाबद्दल मिळाली, हे गावात कोणी विचारले नाही, कारण ज्याला माहीत नव्हते असा कोणी नव्हता.

मी त्या इस्पितळात रक्त, लघवी आणि थुंकी तपासणारा माणूस होतो. जिन्याखालची एक खोली, उत्तरेची खिडकी, एक पितळी सूक्ष्मदर्शक आणि रंगांच्या बाटल्या एवढे माझे राज्य. पुण्याला दोन वर्षे राहून हे काम शिकलो होतो. घरच्यांना वाटत होते की मी डॉक्टर होऊन येईन. मी असा कोणीतरी होऊन आलो, की ज्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधीच रागावलेला असे. डॉक्टर नाडी बघतात, धीर देतात. मी बाटली पुढे करत असे.

एकाच्या अंगातले रक्त काढून दुसऱ्याला देणे ही तेव्हा आमच्याकडे नवलाची गोष्ट होती. वर्षातून सात-आठदा हा प्रसंग येई. काचेच्या बाटलीत न गोठण्याचे औषध घालायचे, देणाऱ्याच्या दंडातून रक्त त्यात उतरवायचे आणि लगेच उंच धरून घेणाऱ्याच्या शिरेत सोडायचे. बाटली, रबरी नळी, सुया सगळे उकळून घ्यायचे. रक्ताचे चार गट. ते जुळले नाहीत तर माणूस टेबलावरच जातो, हे आमच्या डॉक्टरांना पक्के ठाऊक होते आणि त्याबाबतीत ते काटेकोर होते. पण गट जुळलेल्या रक्तातूनही देणाऱ्याचा रोग घेणाऱ्याला जातो, ही गोष्ट त्यांना माझी खोड वाटे.

पहिल्याच वर्षी एका लॉरीवाल्याला आम्ही त्याच्या भावाचे रक्त दिले होते. पाय कापावा लागला नाही. बाराव्या दिवशी त्याला दात वाजेपर्यंत हीव भरले. मी त्याच्या रक्ताची काच रंगवून पाहिली तर हिवतापाचे जंतू, आणि भावाला बोलावून त्याची पाहिली तर तेच. डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "पाय तर वाचला ना? क्विनीन द्या."

क्विनीन दिले. पण गरमी, म्हणजे उपदंश, अशी दिली गेली तर वर्षभर सोमलाच्या सुया द्यायच्या काय, असे मी विचारले तेव्हा त्यांनी मला जेवायला जायला सांगितले.

तरीही माझ्या कटकटीतून एक गोष्ट झाली. ऐनवेळी नातेवाईक गोळा करण्यापेक्षा आधीच तपासून ठेवलेल्या माणसांची एक यादी असावी, हे डॉक्टरांनी मान्य केले आणि कमिटीपुढे मांडले. कमिटीने त्याचे मंडळ केले. मंडळ म्हटल्यावर अध्यक्ष आला, सभा आली, हार आले. पंधरा प्रतिष्ठित गृहस्थांनी नावे दिली. मग डॉक्टरांनी मला उभे करून तपासणी कशाकशाची होणार ते सांगायला लावले. मी म्हणालो, "हिवताप आणि गरमी."

दुसरा शब्द त्या व्हरांड्यात त्याआधी कोणी मोठ्याने उच्चारला नसावा. एका वकिलांनी खुर्ची मागे सरकवली. पुढच्या आठवड्यात नऊ जणांच्या चिठ्ठ्या आल्या. कुणाला दमा होता, कुणाचा अधिक महिन्यातला नेम होता, एकाचे जावई येणार होते. नेमके केव्हा ते लिहिले नव्हते. उरले सहा.

त्या सहांत रावसाहेब होते. मला खरोखर आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली. अट एवढीच, की इस्पितळात रांगेत बसून ते दंड पुढे करणार नाहीत. त्यांचे रक्त गिरणीच्या दवाखान्यात तिथला कंपाउंडर काढील आणि नळी माझ्याकडे पोचती होईल. अध्यक्षांच्या मानाने ही सवलत थोडकी होती. श्रावणात नळी आली. गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर रावसाहेबांचे पूर्ण नाव, पदवीसकट. गट चौथा. हा गट बहुतेक सगळ्यांना चालतो. हिवताप नाही. गरमीसाठी नळी बर्फात घालून पुण्याला पाठवली. तिथून उत्तर आले, निर्दोष. खरे सांगायचे तर मी जरा हिरमुसलो.

सहाही जणांची नावे वहीत चढवली आणि त्यांना छापील दाखले दिले. इतरांनी ते कुठे ठेवले माहीत नाही. रावसाहेबांनी आपला दाखला काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला, आणि गिरणीने त्याबद्दल त्यांना मानपत्र दिले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भवानी पेठेतून एका बाईला टांग्यात आडवी घालून आणले. ती गिरणीत कांड्या भरण्याच्या खात्यात होती. तेलुगू विणकरांतली, विशी ओलांडलेली. पहाटे घरीच मुलगी झाली आणि वार अडकली. सुईणीने दोन तास ओढाताण केली. डॉक्टरांनी वार काढली, रक्त थांबवले, पण थांबवण्यासारखे फारसे उरले नव्हते. ओठ आणि कपाळ यांचा रंग एक झाला होता. नवरा दुसऱ्या गटाचा निघाला; तिचा स्वतःचा चौथा. चौथ्याला चौथ्याचेच लागते. यादीत चौथा एकच.

डॉक्टरांनी रावसाहेबांकडे माणूस पिटाळला. मला वाटले, निरोप येईल की साहेब बाहेरगावी गेले आहेत. पण पंधरा मिनिटांत मोटार दारात उभी राहिली आणि तीन माणसे उतरली: रावसाहेब, त्यांचा शिपाई आणि काळे कापड खांद्यावर टाकलेला फोटोग्राफर. शिपायाच्या हातात फोटोग्राफरची तिकाटणी होती.

"डॉक्टर," रावसाहेब मोठ्याने म्हणाले, "मी आलो आहे."

बाईची आई दाराशी जमिनीवर बसली होती, मांडीवर सकाळची नात. ती उठून हात जोडून उभी राहिली.

चौथा गट असला तरी घेणाऱ्याच्या रक्ताशी थेंब जुळवून पाहिल्याशिवाय मी बाटली भरू देत नसे. मी सुई आणि काच घेऊन पुढे झालो. रावसाहेबांनी हात मागे घेतला.

"हे काय?"

"बोटाला टोचायचं आहे. एक थेंब."

"आता हे कशाला? आणि जरा जपून हो. लहानपणी देवी काढल्यापासून आजवर माझ्या अंगाला कोणी सुई लावलेली नाही." हे ते फोटोग्राफरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

मी सुई तशीच धरून उभा राहिलो. "मग श्रावणात?"

"श्रावणात काय?"

"श्रावणात गिरणीच्या दवाखान्यात तुमच्या दंडातून नळीभर रक्त काढलं होतं."

"ते होय!" रावसाहेब हसले. "त्या दिवशी कलेक्टरसाहेबांकडे चहा होता. मी बदली पाठवला."

गिरणीगावात न राहिलेल्यांसाठी सांगतो. सकाळचा भोंगा झाला की गिरणीच्या दाराशी बदलीवाले उभे राहत. ज्या साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस आला नाही, तिथे मुकादम यांतला एक आत घाली. नाव गैरहजर माणसाचे, हात बदलीचे. साचा रिकामा राहिला नाही म्हणजे झाले. सेक्रेटरी या नात्याने रावसाहेबांनी वीस वर्षे ही व्यवस्था चालवली होती आणि तिच्यात त्यांना कधी दोष आढळला नव्हता.

"बदली?" मी म्हणालो.

"मुकादमाला सांगितलं, माझ्या नावावर एक माणूस घाल. घातला त्यानं. रिपोर्ट उत्तम आला. तुमची तक्रार काय आहे?"

मला त्या क्षणी राग आला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि त्यावर फसवणाऱ्याची कसलीही खूण नव्हती. स्वतःच्या नावाचा दाखला चार महिने भिंतीवर पाहिला, की माणसाला तो आपलाच वाटू लागतो. राग मागाहून आला आणि तो अजून गेलेला नाही.

डॉक्टर आतून ओरडले, "अहो, काय चाललंय काय? बाई चाललीय इकडे!"

"डॉक्टर, वहीतलं रक्त रावसाहेबांचं नाही."

मी काय झाले ते सांगितले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तो लगेच काढला, कारण रावसाहेब बघत होते. "आधी जुळवून तर बघा," ते म्हणाले.

जुळवले. रावसाहेबांचाही गट चौथाच निघाला. हा गट काही दुर्मिळ नाही, पण त्या दिवशी तो जुळला नसता तर माझे काम सोपे झाले असते. घाईघाईने काच रंगवून पाहिली. हिवताप दिसला नाही.

"मग काढा रक्त," डॉक्टर म्हणाले.

"गरमीचं मला इथं कळत नाही. पुण्याहून उत्तर यायला दिवस लागतात."

"रावसाहेबांच्या बाबतीत तुम्ही हा शब्द वापरता?"

"रावसाहेबांच्या रक्ताच्या बाबतीत."

रावसाहेब डॉक्टरांकडे वळले. "हा गृहस्थ कुणाचा नोकर आहे?"

"इस्पितळाचा."

"आणि इस्पितळ कुणाचं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला एवढेच म्हणाले, "तुम्ही पुस्तकं फार वाचता. तिला आत्ता रक्त पाहिजे."

"ती मुलीला पाजणार आहे. तिच्यात जे जाईल ते—"

"मेलेली बाई पाजत नाही!"

हे बरोबर होते. आजही ते मला बरोबर वाटते. माझ्याजवळ एक माहिती तेवढी होती. "ज्याचं तपासलं आहे तो माणूस याच गावात आहे," मी म्हणालो. "मोटार दाराशी आहे. अर्धा तास द्या."

बाईच्या आईला आमचे सगळे बोलणे कळले नसेल, पण कोण देतो म्हणतो आणि कोण नको म्हणतो हे कळले होते. ती माझ्यासमोर आली. "हा मोठा माणूस देतो म्हणते," ती म्हणाली. "तू नको म्हणते. तू कोण? तुझी पोरगी हाय का आत?"

डॉक्टरांनी घड्याळ काढले.

"अर्धा तास. तोवर मी मिठाचं पाणी चालू ठेवतो. अर्ध्या तासानं रावसाहेबांचं घेईन. आणि तोवर ती गेली तर का गेली, हे वहीत तुम्ही तुमच्या सहीनं लिहायचं."

"लिहीन."

मोटारीत रावसाहेबांना यावे लागले. बदली कोण हे त्यांना माहीत नव्हते, ते मुकादमाला माहीत होते, आणि मुकादम मला गिरणीच्या फाटकाच्या आत घेणार नव्हता. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मागून रावसाहेब मला माझे भविष्य सांगत होते. त्यात सोलापूरचा उल्लेख नव्हता.

मुकादम फाटकाशीच भेटला. "सावनातला व्हय?" तो म्हणाला. "त्यो सांगोल्याकडचा धनगर. आज त्याला लावला न्हाय. लई बोलतो त्यो. हितंच असंल चाच्या हाटेलाम्होरं."

हाटेलापुढे लिंबाखाली घोंगड्यावर बसून तो भाकरी आणि शेंगाची चटणी खात होता. तिशीचा, काटक, तांबडे पागोटे. सेक्रेटरीसाहेबांची मोटार आपल्यापुढे थांबली असे पाहून तो घास हातात धरून उभा राहिला.

"श्रावणात दवाखान्यात रक्त दिलंस ते तूच ना?" मी विचारले.

त्याने मुकादमाकडे पाहिले. "न्हाय."

"घाबरू नकोस. दिलंस की नाही?"

"म्या कशाला दीन? रावसायबानी दिलं. वहीत नाव हाय की त्येंचं."

पुढे मला कळले की याबद्दल बोललास तर गिरणीचे फाटक पुन्हा दिसणार नाही, असे मुकादमाने त्याला बजावले होते. तो शब्दाला जागत होता. मी रावसाहेबांना म्हणालो, "तुम्ही सांगा."

रावसाहेब मोटारीतून न उतरता म्हणाले, "अरे, सांग त्यांना. तूच दिलंस."

"न्हाय जी. तुमीच दिलं."

"मी सांगतो आहे ना, तू दिलंस!"

"असं कसं म्हनता, सायेब? समद्या गिरनीला ठावं हाय. मानपत्र झालं की तुमचं."

हाटेलातली माणसे बाहेर येऊ लागली. रावसाहेब उतरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी रक्त दिलेलं नाही!" ते भर रस्त्यात ओरडले. "ऐकलंस? मी नाही दिलं!"

घोळक्यातून कोणीतरी विचारले, "मंग कुनी दिलं?"

त्या धनगराने सगळ्यांकडे एकवार नजर फिरवली. साहेब आता मागे फिरू शकत नाहीत याची त्याची खात्री पटली असावी. "सायेब म्हनत्यात तर म्या दिलं," तो म्हणाला. "पर आता काय? ते बिगडलं व्हय?"

"बिघडलं नाही. चांगलं आहे. म्हणून आणखी पाहिजे." मी त्याला बाईचे सांगितले. कांड्या खात्यातली, पहाटे मुलगी झालेली, अंगातले रक्त गेलेले.

"बापय कुनी न्हाय व्हय तिच्या घरचा?"

"आहे. त्याचं जुळत नाही. तुझं जुळतं."

त्याने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "मेंढी अडली तर आमी जेवन सोडून उठतो," तो म्हणाला. "ही तर बाई हाय. चला की." मग दोन पावले टाकून थांबला. "पर ह्या बारीला नाव माजं लिवा."

"लिहितो."

"सायेब रागावत्याल."

"रावसाहेब," मी विचारले, "तुम्ही रागवाल?"

रावसाहेब गिरणीच्या धुराड्याकडे पाहत होते. त्यांनी मोटारीत बसून दार लावून घेतले. त्या माणसाला कुठे बसायचे कळेना. मी त्याला पुढे माझ्याशेजारी घेतला. तो कडेला टेकला आणि हळूच मला म्हणाला, "मोटारीत बी बदलीच म्हनायचं की ह्ये."

आम्ही पोचलो तेव्हा अर्ध्या तासाला चार-पाच मिनिटे उरली होती. रावसाहेबांसाठी खाट मांडून ठेवलेली होती, सुया ताटलीत काढलेल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही, त्या माणसाकडे पाहिले आणि म्हणाले, "झोप इथं."

त्याचा थेंब मी बाईच्या रक्ताशी जुळवला. हिवतापाची काच पुन्हा पाहिली, कारण मधे पावसाळा गेला होता. चार महिन्यांत माणूस आणखीही काही मिळवू शकतो, म्हणून ते विचारले. तो म्हणाला, "कशातनं मिळवू, सायेब? आठ दिस काम, आठ दिस हाटेल." त्यावर विश्वास ठेवला. तपासणी तिथे संपते आणि माणसाचा शब्द सुरू होतो, हे मला आवडत नव्हते, पण दुसरा इलाज नव्हता.

बाटली भरली. डॉक्टरांनी ती स्वतः हातात धरून उंच केली. त्यांचा हात चांगला होता, हे मला इथे नमूद केले पाहिजे. अर्धी बाटली गेली तरी काही दिसेना. मग बाईच्या कानाच्या पाळ्यांना रंग आला. बाटली संपत आली तेव्हा तिने डोळे उघडले आणि आईला तेलुगूत काही विचारले. आईने मुलगी तिच्याजवळ नेली.

नंतर आई बाहेर आली. माझ्यावरून पुढे गेली आणि रावसाहेबांच्या पायांवर डोके ठेवले. रावसाहेबांनी आशीर्वाद दिला. ज्याचे रक्त गेले होते तो आत खाटेवर पडून छताकडे बघत दूध पीत होता. तिला कोणी काही सांगितले नाही. मीही नाही. नुकतेच तिने मला कोण तू म्हणून विचारले होते, आणि मी कोण हे सांगायला तो प्रसंग बरा नव्हता.

आता उरला फोटोग्राफर. तो सकाळपासून प्लेट भरून थांबला होता आणि व्हरांड्यात ऊन चांगले आले होते. रावसाहेब डॉक्टरांना बाजूला घेऊन काही बोलले. खाट बाहेर आणली गेली. रावसाहेब कोट काढून तिच्यावर पहुडले, बाही वर केली. डॉक्टर नुसतीच सुई दंडावर धरणार होते, पण फोटो खोटा नको असे रावसाहेबच म्हणाले. तेव्हा डॉक्टरांनी खरोखर शीर टोचली आणि एक नळीभर रक्त काढले. देवीनंतर दंडात गेलेली ही पहिली सुई. फोटोत रावसाहेबांची नजर दूर कुठेतरी आहे.

नळी ताटलीत पडून राहिली. झाडूवाला ती ओतून टाकणार होता. मी उचलली, नावाऐवजी फक्त आकडा घातला आणि त्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या नळ्यांबरोबर बर्फात ठेवली. हे मी कोणाला विचारून केले नाही. यादीत त्यांचे नाव अजून होते. मी रजेवर असताना कोणी त्यांना बोलावले असते तर ते फोटोग्राफर घेऊन आले असते. हे कारण पुरेसे होते. ते एकटेच कारण होते असे मी म्हणणार नाही.

धनगर जायला निघाला तेव्हा त्याने नाव दाखवा म्हटले. वाचता येत नव्हते. रावसाहेबांच्या नावावर मी काट मारली होती आणि शेजारी त्याचे लिहिले होते, बापाच्या नावासकट. मी बोट ठेवले. त्याने वाकून पाहिले. "लांब हाय की," तो म्हणाला, आणि भाकरीचे फडके घेऊन गेला. त्यानंतर आठ-दहा दिवस मुकादमाने त्याला फाटकातून आत घेतला नाही. मग पुन्हा घेऊ लागला, कारण जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की निम्मी गिरणी गैरहजर असते.

पुण्याचा कागद पाचव्या दिवशी आला. आकड्यापुढे लिहिले होते की गरमीची तपासणी जोरदार सकारात्मक. मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आकडा वाचला, वही उघडली, आकडा वहीत नव्हता.

"कुणाचं हे?"

मी सांगितले.

डॉक्टर उठले, दार लावले आणि पुन्हा बसले. मग आतल्या खोलीकडे पाहिले. तिथे ती बाई मुलीला पाजत होती. भिंतीपलीकडून तिचे गुणगुणणे ऐकू येत होते.

"अर्धा तास," डॉक्टर म्हणाले. एवढेच. माझी क्षमा त्यांनी मागितली नाही, आणि बढती तर दूरच. पण त्या दिवसापासून तपासल्याशिवाय त्यांनी कोणाचे रक्त घेतले नाही. कमिटीचे लोक म्हणत की या माणसाने डॉक्टरांना बिघडवले.

संध्याकाळी ते रावसाहेबांच्या बंगल्यावर गेले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मंडळाच्या पुढच्या सभेत अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव रक्तदात्यांच्या यादीतून आपले नाव मागे घेतले आणि सभेने त्यांच्या त्यागाबद्दल आभार मानले. अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले.

बाई पंधराव्या दिवशी चालत घरी गेली. दोन महिन्यांनी आणि त्यानंतर पुन्हा सहा महिन्यांनी मी तिला बोलावून रक्त घेतले. दोन्ही वेळा ती कुरकुरली, दोन्ही वेळा तिच्या आईने मला शिव्या दिल्या, दोन्ही वेळा पुण्याहून निर्दोष आले. मुलगी तोवर भिंत धरून उभी राहू लागली होती.

रावसाहेबांना त्या हिवाळ्यापासून संधिवाताचा त्रास आहे असे बंगल्यावर सर्वांना सांगण्यात आले. डॉक्टर दर मंगळवारी जाऊन त्यांना संधिवाताची सुई देत. सुया उकळून, सोमलाच्या औषधाची कुपी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. वर्षभरात संधिवाताला पुष्कळ उतार पडला.